ड्रीमकास्टवर स्वतःचा गेम लिहायचाय? केओएस वापरून बघितलं, कसं आहे ते सांगतो

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची इथेच सुटका. सी बऱ्यापैकी येत असेल आणि ड्रीमकास्टसाठी स्वतः काहीतरी लिहायची खुमखुमी असेल तर कॅलिस्टीओएस, म्हणजे ड्रीमकास्टसाठी प्रोग्रॅम लिहायचं तयार किट, ज्याला सगळे केओएस म्हणतात, ते बिनधास्त घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि बंद पडलेल्या कन्सोलसाठी मी जे जे वापरलंय त्यात सगळ्यात धड आहे. पण एक अट. कोड खऱ्या मशीनपर्यंत पटकन पोचवायची सोय आधी करा, केबल म्हणा नाहीतर नेटवर्क अडॅप्टर म्हणा, जे जमेल ते. नुसत्या इम्युलेटरवर, म्हणजे पीसीवर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, महिनोनमहिने काम करायचं आणि शेवटी एकदम सीडी बर्न करून कन्सोलमध्ये घालायची असा बेत असेल तर हा छंद तुम्हाला रडवणार, आणि मग शिव्या खाणार बिचारं केओएस.

मशीन माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: ड्रीमकास्ट हा सेगाचा शेवटचा कन्सोल, जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ ला आला, अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला, आणि मार्च २००१ मध्ये सेगाने उत्पादन बंद केलं. आत हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर, १६ एमबी मेन रॅम, ८ एमबी व्हिडिओ रॅम, आवाजाची वेगळी २ एमबी रॅम, ग्राफिक्सला पॉवरव्हीआर २ आणि आवाजाला यामाहाची आयका चिप, जिच्या पोटात स्वतःचा एक छोटा एआरएम७ बसलाय. आकडे बघून हसू येईल, पण मजा अशी आहे की हे मशीन एका माणसाच्या डोक्यात अख्खं मावतं. कुठला बाइट कुठे जातो, कोण कोणाची वाट बघतंय, हे सगळं कळू शकतं. आणि थ्रीडी खरंखुरं, सोळा बिटच्या जमान्यातली फसवाफसवी नाही.

छंदवाल्यांना आत यायला फट सेगानेच ठेवली होती. मिल-सीडी नावाचा एक फॉरमॅट होता, गाण्यांच्या सीडीवर थोडा मल्टिमीडियाचा मसाला टाकायला, आणि त्याच्यासाठी कन्सोल साध्या सीडीवरून पण बूट व्हायचा. २००० मध्ये लोकांनी ते हेरलं. पायरसी झाली हे खरंच आहे, पण त्याच दारातून होमब्रूवाले, म्हणजे हौसेने घरी गेम लिहिणारे, पण आले, ना मॉडचिप ना सोल्डरिंग. सेगाची अधिकृत किट होती तिचं नाव कटाना, तिच्याशी केओएसचा काही संबंध नाही, केओएसमध्ये सेगाचा कोड नाही आणि लायसन्स बीएसडी वळणाचं आहे, म्हणजे श्रेय द्या आणि बनवलेला गेम खुशाल विका, लायसन्सची आडकाठी नाही. केओएस सुरू करणाऱ्या क्रिप्टिक अल्यूजनच्या मंडळींनी स्वतःच त्याच्यावर फीट ऑफ फ्युरी नावाचा डान्स मॅटवाला गेम बनवून २००३ मध्ये विकायला काढला होता. कन्सोल अधिकृतपणे मेल्यानंतर दोन वर्षांनी!

सेटअपची जुन्या लोकांनी भरपूर भीती घालून ठेवलीय, ती मनावर घेऊ नका. लिनक्सवर असाल तर रेपो क्लोन करा, जी पॅकेजं लागतात ती टाका, टूलचेनची, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या साथीदार टूलांची, स्क्रिप्ट चालवा आणि दुसऱ्या कामाला लागा कारण ती बिनयुटिल्स, जीसीसी, न्यूलिब सगळं सोर्सपासून बिल्ड करते, वर साउंड चिपच्या एआरएमसाठी हवं असेल तर वेगळा कंपायलर. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घेतलंत तर तीच गोष्ट. एन्व्हायर्नमेंटची एक फाइल आहे जी प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये सोर्स करावी लागते, ती राहिली की मेक भलत्याच एरर ओकतं, म्हणून ती शेलच्या स्टार्टअपमध्येच टाकून द्या आणि विसरून जा.

आणि हो, फ्लोटचा एक मोड आहे तो एकदा तपासा. एसएच-४ ला सिंगल प्रिसिजनची हौस, त्यामुळे जीसीसीमध्ये सिंगल-ओन्ली असा पर्याय आहे आणि त्यात डबल लिहिलं तरी ते ४ बाइटचंच होतं. चुपचाप. स्वतःच्या गेममध्ये काही फरक पडत नाही, पण बाहेरची एखादी लायब्ररी पोर्ट करताना जिथे ८ बाइटचा डबल गृहीत धरलाय तिथे फाइल वाचताना सगळे आकडे सरकतात आणि तुम्ही बसता भलतीकडेच शोधत.

आता मुख्य माल, ग्राफिक्स. इथे केओएस पाचपैकी पाच.

पॉवरव्हीआर इतर कार्डांसारखा आला त्रिकोण की रंगव असं करत नाही. तुम्ही अख्ख्या फ्रेमचे सगळे त्रिकोण आधी त्याच्याकडे जमा करता, तो स्क्रीनचे ३२ बाय ३२ पिक्सेलचे तुकडे पाडतो, कुठल्या तुकड्यात कोण कोण येतंय याची यादी करतो आणि मग एकेक तुकडा चिपच्या आतच पूर्ण करून बाहेर लिहितो. कोण कोणाच्या मागे झाकलं जातंय हे टेक्स्चर लावायच्या आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे भिंतीमागे दहा खोल्या असल्या तरी न दिसणाऱ्या पिक्सेलचं टेक्स्चरिंग होतच नाही, आणि झेड-बफरला (प्रत्येक पिक्सेलची खोली लिहून ठेवायची जागा) व्हिडिओ रॅममध्ये जागा द्यावी लागत नाही. केओएस हे सगळं लपवत नाही, हीच त्याची गंमत. फ्रेम सुरू करा, लिस्ट उघडा, त्रिकोण ढकला, लिस्ट बंद करा, फ्रेम संपवा. लिस्टी वेगवेगळ्या, अपारदर्शक मालाची एक, पारदर्शकची एक, आणि जाळी, पानं असल्या भोकंवाल्या टेक्स्चरची तिसरी जिला पंच-थ्रू म्हणतात. थेट पाठवत असाल तर एकदा बंद केलेली लिस्ट त्या फ्रेममध्ये परत उघडता येत नाही, म्हणजे गेमचा ड्रॉ कोड पहिल्यापासूनच त्या हिशोबाने लिहावा लागतो. सुरुवातीला वैताग येतो, नंतर हात आपोआप तसाच वळतो.

आणि पारदर्शक गोष्टींचं सॉर्टिंग! काचेमागे धूर, धुरामागे पाणी, तुम्ही कुठल्याही क्रमाने पाठवा, चिप पिक्सेलपिक्सेलला स्वतः क्रम लावते. आजच्या कार्डावर सुद्धा हे आयतं मिळत नाही, लोक त्यासाठी डोकं फोडून घेतात. फुकट अर्थातच नाही, पारदर्शक थर वाढले की फ्रेमरेट दणकन आपटतो, स्क्रीनभर धूर करून बघा म्हणजे कळेल.

नवख्यांनी एक लक्षात ठेवा, इथे झेड उलटा आहे. चिपला एक भागिले खोली हवी असते, म्हणजे मोठा आकडा जवळचा.

व्हर्टेक्सची, म्हणजे त्रिकोणाच्या एका कोपऱ्याची, रचना मला फार आवडली, इतकी की त्यावर थोडं लांबण लावतो. एक शब्द फ्लॅगचा, एक्स वाय झेड, टेक्स्चरचे दोन कोऑर्डिनेट, एक रंग, एक ऑफसेट रंग. मोजा, आठ झाले, प्रत्येकी ४ बाइट म्हणजे बरोब्बर ३२ बाइट. एसएच-४ च्या कॅशची, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीची, एक लाइन किती? ३२ बाइट. त्याच्यात स्टोअर क्यू नावाचे दोन बफर आहेत जे कॅशला बाजूला ठेवून माल थेट बाहेर फेकतात, ते केवढे? तेही ३२. म्हणजे एक व्हर्टेक्स भरायचा, एक इन्स्ट्रक्शन मारायची, तो ग्राफिक्स चिपकडे गेला, तोवर दुसरा क्यू भरायला घ्यायचा. जोडीला चार बाय चारच्या मॅट्रिक्सने व्हेक्टर गुणायची एक अख्खी इन्स्ट्रक्शन प्रोसेसरमध्येच आहे. हे सगळं केओएसच्या फंक्शनांमधून वापरता येतं, असेंब्लीला हात लावायलाच हवा असं नाही. कोणीतरी बसून या मशीनचे सगळे तुकडे एकमेकांना जुळवलेत हे असं वापरताना कळतं.

ओपनजीएल सवयीचं असेल तर जीएलडीसी नावाची लायब्ररी आहे, जुन्या ओपनजीएल १.२ च्या वळणाची. आधीच लिहिलेला गेम पोर्ट करायला उत्तम. नवीन लिहिताय तर माझं मत, थेट पीव्हीआरवर, म्हणजे केओएसच्या पॉवरव्हीआर फंक्शनांवर, लिहा, नाहीतर ड्रीमकास्ट घेतलाच कशाला.

व्हिडिओ रॅमचा हिशोब मात्र वहीत मांडूनच पुढे जा. ६४० बाय ४८० चा सोळा बिटी फ्रेमबफर म्हणजे ६,१४,४०० बाइट, ते दोन लागतात, त्यात व्हर्टेक्सचे बफर, तुकड्यांच्या याद्या, की ८ एमबीतले टेक्स्चरला साधारण ५ उरतात. पण व्हीक्यू नावाचं टेक्स्चरचं कॉम्प्रेशन वापरलं की चित्र बदलतं. २५६ बाय २५६ चं सोळा बिटी टेक्स्चर साधं ठेवलं तर १,३१,०७२ बाइट, व्हीक्यूमध्ये तेच १८,४३२. सातपट बचत, आणि उलगडायचं काम हार्डवेअर करतं. ग्रेडियंटवाल्या चित्रांना डाग पडतात, दगडमाती गवत असल्यावर काही कळत पण नाही.

आता येतो त्या अटीवर. खरं मशीन जवळ का हवं?

इम्युलेटर चांगले आहेत, फ्लायकास्ट मी रोज वापरतो, लॉजिक तपासायला, मेन्यू हलवायला मस्त. पण इम्युलेटर गेम चालवण्यासाठी बनलेत, तुमच्या चुका पकडण्यासाठी नाही, आणि डेटा कॅशची नक्कल ते सहसा करत नाहीत. त्याने काय होतं बघा. तुम्ही मेन रॅममध्ये एक टेक्स्चर तयार केलं आणि डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, व्हिडिओ रॅमला पाठवलं. इम्युलेटरवर चित्र स्वच्छ. खऱ्या कन्सोलवर तेच चित्र, पण मधूनमधून सोळा-सोळा पिक्सेलच्या कचऱ्याच्या आडव्या रेघा. कारण प्रोसेसरने लिहिलेले शेवटचे बाइट अजून कॅशमध्येच पडलेत, डीएमएने रॅममधला शिळा माल उचलला, आणि एक कॅश लाइन ३२ बाइटची म्हणजे बरोबर सोळा पिक्सेल. डीएमएच्या आधी कॅश फ्लश करायची एक ओळ टाकली की रेघा गायब. ती एक ओळ इम्युलेटरवर कितीही टक लावून बघितलं तरी सुचणार नाही, कारण तिथे काही बिघडलेलंच नाही.

दुसरं, नल पॉइंटर. पीसीवर नल वाचला की प्रोग्रॅम जागीच मरतो. इथे पत्ता शून्यवर बूट रॉम बसलाय, त्यामुळे नल वाचलात तर क्रॅश वगैरे काही नाही, बायोसचे बाइट डेटा म्हणून मिळतात आणि गेम तसाच पुढे चालत राहतो, फक्त शत्रू हवेत उडायला लागतात. उलट चार बाइटचा आकडा विषम पत्त्यावरून वाचायला गेलात, जे पीसी हसत हसत करतो, की इथे लगेच एक्सेप्शन. म्हणजे जिथे मरायला हवं तिथे मरत नाही आणि जिथे चालेल वाटतं तिथे मरतं. माझं पक्कं मत झालंय की या छंदातली नव्वद टक्के चिडचिड केओएसची नाही, ती मशीनवर उशिरा चालवून बघितल्याची आहे.

मग कोड पोचवायचा कसा. सीडी-आर बर्न करणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. एकेका सेमीकोलनसाठी एक डिस्क कचऱ्यात, आणि ड्राइव्हचा आवाज असा की शेजारचा उठून बसेल. पूर्वी बूटची फाइल स्क्रॅम्बल करा, हेडर जोडा अशी यातायात होती, आता एमकेडीसीडिस्कसारखं टूल एल्फ फाइलवरून थेट इमेज करून देतं, ते एक बरं. सिरीयल केबल हा मधला मार्ग. डीसीलोड नावाच्या लोडरची डिस्क एकदाच बर्न करायची, कन्सोल त्याच्यावर बूट करायचा आणि पुढे प्रत्येक बिल्ड पीसीवरून केबलने ढकलायचं. जुन्या पद्धतीच्या १,१५,२०० बॉडला एक एमबी जायला दीड मिनिट लागतं, यूएसबीच्या चांगल्या केबलने कितीतरी लवकर. आणि सगळ्यात भारी म्हणजे ब्रॉडबँड अडॅप्टर, सेगाचाच, नेटवर्कवरून माल सरसर जातो. मिळणं कठीण आणि मिळाला तर विकणारा तोंडाला येईल ती किंमत सांगतो, हाच एक वांधा.

एसडी कार्डवाले ड्राइव्हचे पर्याय पण आहेत, लेझर काढून त्या जागी बोर्ड बसवायचा. खेळायला झकास. पण डेव्हलपमेंटला दर वेळी कार्ड काढा, पीसीत घाला, इमेज टाका, परत लावा, त्याला काही अर्थ नाही, शेवटची चाचणी घ्यायला ठीक.

केबल असो नाहीतर नेटवर्क, डीसीलोडची खरी चैन पुढे आहे. गेममधलं प्रिंटएफ थेट तुमच्या टर्मिनलवर उमटतं. पीसीचा फोल्डर कन्सोलला फाइल सिस्टिमसारखा दिसतो, म्हणजे लेव्हलची फाइल पीसीवर बदलली, कन्सोलवर रिलोडचं बटण दाबलं, झालं, परत बिल्ड नाही काही नाही. जीडीबी हा डीबगर पण जोडता येतो. पंचवीस वर्षं जुन्या डब्यावर ब्रेकपॉइंट लावून व्हेरिएबल बघताना काय वाटतं ते ज्याचं त्याने अनुभवावं.

आवाजाला मी तीनच देईन. चिप तगडी आहे, ६४ चॅनल, एडीपीसीएम कॉम्प्रेशन, सगळं आहे, पण छोट्या आवाजांच्या सोप्या फंक्शनला ६५,५३४ सॅम्पलची मर्यादा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला जेमतेम दीड सेकंद. उडीचा टुणुक आवाज बसतो, गडगडाट बसत नाही. सॅम्पलरेट निम्मा केला की तीन सेकंदांपर्यंत जाता येतं, त्याच्यापुढे स्ट्रीमिंग, म्हणजे बफर तुम्ही वेळेवर भरत राहा. स्ट्रीमिंगची लायब्ररी आहे, ऑग फॉरमॅट वगैरे वाजतं, पण ग्राफिक्सच्या बाजूला जी सफाई जाणवते ती इथे जाणवत नाही. आणि एआरएमसाठी स्वतःचा ड्रायव्हर लिहायचा असेल तर तुम्ही जवळजवळ एकटे आहात.

व्हीएमयू, म्हणजे ड्रीमकास्टचं मेमरी कार्ड! त्या कार्डवरच ४८ बाय ३२ पिक्सेलचा काळापांढरा स्क्रीन, आत स्वतंत्र आठ बिटी प्रोसेसर. केओएसमधून त्यावर चित्र काढणं दोन ओळींचं काम आहे, फक्त कार्ड कंट्रोलरमध्ये उलटं बसतं म्हणून चित्र १८० अंशात फिरवून पाठवायचं, त्याचं फंक्शन पण दिलंय. मी तिथे फ्रेमला किती मिलीसेकंद लागले ते दाखवतो, टीव्हीचा स्क्रीन मोकळा राहतो आणि १६.६ च्या वर आकडा गेला की हातातच कळतं. कंट्रोलर, कीबोर्ड, माऊस वाचणं सोपं आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कागदपत्रांचं काय? पुस्तकासारखं पहिल्या पानापासून वाचत जाल असं काही नाही. हेडर फाइलींमधल्या कॉमेंट म्हणजेच डॉक्युमेंटेशन, आणि त्या चांगल्या आहेत, बऱ्याच फंक्शनांना नीट समजावलंय. दुसरा आधार म्हणजे उदाहरणांचा फोल्डर, तो आधी चाळा, थ्रेड, नेटवर्क, टेक्स्चर, व्हीएमयू, जवळपास प्रत्येक गोष्टीचा छोटा चालता प्रोग्रॅम आहे. इंटरनेटवर सापडणारी जुनी ट्युटोरियल मात्र जपून, त्यातली नावं बदललीत, मेकफाइल बदलल्यात, कॉपीपेस्ट करून कंपाइल झालं नाही तर तुमचं डोकं ठिकाणावर आहे असं समजा.

दुसरं काही घ्यावं का असं विचारणाऱ्यांना, टूडी गेम करायचाय आणि सी नुकतंच शिकताय तर गेमबॉय अॅडव्हान्स बघा, १६.७८ मेगाहर्ट्झ, २४० बाय १६०, पसारा कमी, लवकर काहीतरी हलताना दिसतं. निन्टेन्डो ६४ ला टेक्स्चर मेमरी ४ केबी, त्यात संसार करायचा तर वेगळी जिद्द लागते. प्लेस्टेशन २ ताकदीला मोठा पण त्याचे दोन व्हेक्टर युनिट आणि डीएमएच्या साखळ्या सांभाळता सांभाळता गेम बाजूलाच राहतो. थ्रीडी, एकट्याने, संध्याकाळच्या वेळात, या तिन्ही गोष्टी जमवायच्या असतील तर ड्रीमकास्टच.

मशीन जुनंच मिळणार, घेताना दोन गोष्टी बघा. उत्पादनाच्या शेवटच्या काळातल्या काही मशीनमध्ये सेगाने मिल-सीडीची वाट बुजवली, त्यात होमब्रूची सीडी चालतच नाही, म्हणून विकणाऱ्याकडून बर्न केलेली डिस्क समोर चालवून घ्या. आणि घड्याळाची बॅटरी. ती आतल्या कंट्रोलर पोर्टच्या बोर्डवर सोल्डर केलेली असते आणि जुन्या मशीनमध्ये बहुतेक मेलेली असते, मग कन्सोल प्रत्येक वेळी चालू केला की आधी तारीख-वेळ विचारतो. खेळणाऱ्याला दिवसातून एकदा त्रास, पण आपण क्रॅश करकरून तासात वीस वेळा पॉवरचं बटण दाबणारे लोक. पहिल्याच आठवड्यात होल्डर बसवून घ्या, आणि त्यात परत चार्ज होणारीच सेल टाका, साधी टाकलीत तर बोर्ड तिलाही चार्ज करायला जातो.